सायकलीच्या आधीच्या सायकली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सायकलीचा शोध एका ओळीत आटोपतो: अमुक देश, अमुक माणूस, अमुक साल. ही एक ओळ अनेकांवर अन्याय करते. आपण आज चालवतो ती सायकल १८८५ च्या सुमारास आकाराला आली, आणि त्याआधी जवळपास सत्तर वर्षं लोक लाकडी, लोखंडी, दोन चाकी, तीन चाकी, चार चाकी गाड्या पायांनी रेटत, ढकलत, फिरवत होते. त्या गाड्यांविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

सायकलीचा शोध नेमका कोणी लावला?

एकच नाव द्यायचं झालं तर मी कार्ल ड्राइसचं देईन. त्याच्या गाडीला पायडल नव्हतं, तरीही. दोन चाकं एकामागे एक लावायची आणि पुढचं चाक वळवून तोल सांभाळायचा, ही सगळ्यात अवघड गोष्ट त्याने १८१७ मध्ये करून दाखवली. पायडल १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये आलं, तारांचे आरे १८६९-७० मध्ये, मागच्या चाकाला चेन १८७९ मध्ये आणि हवेचा टायर १८८८ मध्ये. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या माणसाने, बहुतेक वेळा वेगळ्या देशात केली.

त्याआधी माणसाच्या बळावर चालणाऱ्या गाड्या नव्हत्याच का?

होत्या, पण तीन किंवा चार चाकांच्या. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती श्टेफान फार्फलरची. न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावचा हा घड्याळजी पायांनी अधू होता. १६५५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकी गाडी बनवली. हाताने दांडा फिरवायचा, दातेरी चक्रांमधून ती गती पुढच्या चाकाला मिळायची. घड्याळाची चक्रं रोज हाताळणाऱ्याला ही जोडणी सुचणं अगदी स्वाभाविक होतं. स्वतःच्या बळावर हवं तिथे जाता यावं, हीच त्यामागची गरज होती.

फ्रान्समध्ये १७७९ साली ब्लांशार आणि माग्ये यांनी चार चाकी गाडी दाखवली. हाच ब्लांशार पुढे बलूनमधून उडण्यासाठी प्रसिद्ध झाला. या गाडीत मालक पुढे बसायचा आणि मागे उभा असलेला नोकर पायांनी तरफा दाबून गाडी चालवायचा. असल्या गाड्या जड होत्या आणि चढावर निरुपयोगी ठरत. शिवाय त्यांना घोड्याऐवजी नोकर लागायचा, म्हणून त्या फारशा पसरल्या नाहीत.

लिओनार्दो दा विंचीने सायकलीचं चित्र काढलं होतं, हे खरं का?

नाही. त्याच्या ‘कोडेक्स अटलांटिकस’ या कागदपत्रांच्या संग्रहातल्या एका पानामागे पायडल आणि चेन असलेली सायकल रेखाटलेली आहे, आणि १९७०च्या दशकात ती जगभर गाजली. पण अभ्यासक कार्लो पेद्रेत्ती यांनी १९६१ मध्ये हेच पान उजेडासमोर धरून पाहिलं होतं, आणि तेव्हा त्यांना मागे फक्त दोन वर्तुळं आणि काही रेघा दिसल्या होत्या. सायकल त्यानंतर कुणीतरी पूर्ण केली. जर्मन इतिहासकार हान्स-एरहार्ड लेसिंग यांनी १९९७ मध्ये ही बनवाबनवी सविस्तर मांडली.

हे एकच उदाहरण नाही. फ्रान्सच्या कोण्या ‘काउंट द सिव्राक’ने १७९१ मध्ये दोन चाकी लाकडी गाडी बनवली, ही कथा १८९१ मध्ये लुई बोद्री द सोनिये या फ्रेंच लेखकाने पसरवली. असा काउंट नव्हताच. रशियातल्या आर्तामोनोव नावाच्या कारागिराची १८०१ ची सायकलही अशीच पुराव्याविना चिकटलेली आहे. या कथा आजही मराठी लेखांमधून, प्रश्नमंजुषांमधून फिरताना दिसतात. प्रत्येक देशाला मान आपल्याकडे हवा असतो आणि त्यात ड्राइससारख्याचा खरा मान जातो, म्हणून हे स्पष्ट लिहायला हवं.

ड्राइसची गाडी होती तरी कशी?

कार्ल ड्राइस हा बाडेन राज्याचा वनाधिकारी. १२ जून १८१७ रोजी तो मानहाइमहून श्वेत्झिंगेनच्या रस्त्यावरच्या टपालचौकीपर्यंत गेला आणि परत आला. जाऊन-येऊन तेरा-चौदा किलोमीटर, आणि तेही तासाभरात. टपालाच्या घोडागाडीला याहून जास्त वेळ लागायचा.

गाडी जवळजवळ सगळी लाकडाची होती, वजन वीस-बावीस किलोच्या घरात. चाकांना लोखंडी धाव होती आणि आस घासू नये म्हणून पितळेच्या बुशी बसवल्या होत्या. स्वार दोन चाकांमधल्या दांडीवरच्या सीटवर बसायचा आणि पायांनी जमीन मागे ढकलत पुढे जायचा. त्याच्या छातीपुढे एक गादी लावलेली आडवी फळी असे. तिच्यावर हातांची कोपरं टेकवली की तोल कुठे झुकतोय हे चटकन कळायचं. पुढचं चाक वळवायला वेगळा दांडा होता, आणि मागच्या चाकाला दोरीने ओढायचा ब्रेकसुद्धा होता.

उतारावर पाय उचलले की गाडी आपोआप धावायची. पडत असलो त्याच बाजूला चाक वळवायचं म्हणजे पडणं थांबतं, हे तेव्हा माणसाने पहिल्यांदा अंगाने अनुभवलं. आज लहान मुलांना पायडल नसलेली ‘बॅलन्स बाइक’ देतात. ती म्हणजे ड्राइसचीच गाडी, आणि तिच्यावर मूल सायकल लवकर शिकतं याचं कारणही हेच: तोल आधी, पायडल नंतर.

त्याला ही कल्पना घोड्यांच्या दुष्काळामुळे सुचली का?

लेसिंग यांचं म्हणणं तसं आहे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख आणि वायू वातावरणात पसरून १८१६ मध्ये युरोपात उन्हाळाच आला नाही. पिकं बुडाली, ओटचे भाव कडाडले, घोडे पोसणं परवडेना. त्यातून बिनघोड्याच्या गाडीचा विचार पुढे आला, असा हा तर्क. सगळ्या इतिहासकारांना तो मान्य नाही, कारण ड्राइस १८१३ पासूनच माणसाच्या बळावर चालणाऱ्या चार चाकी गाडीवर काम करत होता. मला वाटतं, ध्यास आधीपासून होता आणि महागाईने त्याला धार आणली.

मग ती गाडी मागे का पडली?

बंदीमुळे. रस्ते बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांनी आणि चिखलाने भरलेले असत, त्यामुळे स्वार मंडळी गुळगुळीत पादचारी वाटांवर येत आणि लोकांना धडकत. मानहाइममध्ये १८१७ सालीच पादचारी वाटांवर बंदी आली. पाठोपाठ मिलान, लंडन, न्यूयॉर्क इथेही, आणि आपल्याकडे कलकत्त्यातसुद्धा.

लंडनमध्ये डेनिस जॉन्सन या बग्गी बनवणाऱ्याने १८१८ मध्ये पेटंट घेऊन सुधारित गाडी काढली. तीनशेच्या वर गाड्या विकल्या गेल्या आणि त्याने स्त्रियांसाठी खाली वाकलेल्या दांडीची खास गाडीही केली. पण व्यंगचित्रकारांनी तिला छैलछबिल्यांचं खूळ ठरवलं आणि दोनेक वर्षांत ती लाट ओसरली.

ड्राइसचं पुढे वाईट झालं. तो लोकशाहीवादी होता. १८४९ च्या बाडेनमधल्या क्रांतीच्या काळात त्याने आपली सरदारकीची पदवी सोडून दिली. क्रांती चिरडल्यावर त्याचं निवृत्तिवेतन क्रांतीच्या ‘खर्चापोटी’ जप्त झालं. १० डिसेंबर १८५१ रोजी तो कार्ल्सरूहमध्ये कफल्लक अवस्थेत वारला. टंकलेखन यंत्राचा एक सुरुवातीचा नमुनाही त्याच्या नावावर आहे, आणि तरी त्याच्या शहरात बरीच वर्षं तो चेष्टेचाच विषय होता.

पायडल यायला आणखी चार दशकं का लागली?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. फिरता दांडा, म्हणजे क्रँक, लोकांना शतकानुशतकं माहीत होता. जात्यात होता, चरख्यात होता, फार्फलरच्या गाडीत तर होताच. मग तो ड्राइसच्या चाकाला लावायला कुणाचा हात का गेला नाही?

अडचण यंत्राची नव्हती, धीराची होती. पायडल मारायचं तर दोन्ही पाय जमिनीवरून कायमचे उचलावे लागतात. उतारावर क्षणभर पाय उचलणं वेगळं. दोन चाकांवर दोन्ही पाय अधांतरी ठेवून सपाटीवर मैलभर जाता येईल, यावर कुणाचा विश्वास बसत नव्हता. म्हणून मधल्या काळातल्या बहुतेक प्रयोगशील माणसांनी तीन-चार चाकांची वाट धरली. डोव्हरच्या विलर्ड सॉयर या सुताराने बनवलेल्या पायटा दाबून चालवायच्या देखण्या चार चाकी गाड्या १८५१ च्या लंडन प्रदर्शनात होत्या. बाकीच्यांची बुद्धी आणि पैसा रेल्वेकडे वळला होता.

अमेरिकेच्या जेम्स प्लिम्प्टनने १८६३ मध्ये वळण घेता येणाऱ्या चाकांच्या स्केट्सचं पेटंट घेतलं आणि शहरातल्या लोकांना चाकांवर तोल सांभाळायची चटक लागली. पायडल त्याच सुमारास आलं. लेसिंग यांनी या दोन्हींचा संबंध जोडला आहे आणि मला तो पटतो.

स्कॉटलंडच्या लोहाराने १८३९ मध्येच पायडलची सायकल केली होती ना?

कर्कपॅट्रिक मॅकमिलनबद्दल हा दावा आहे. पायांनी दोन दांडे पुढेमागे हलवायचे आणि त्यांनी मागचं चाक फिरायचं, अशी त्याची गाडी सांगतात. पण ही माहिती पुढे आली १८९०च्या दशकात, त्याच्या एका नातेवाइकाने खटपट केल्यावर. मूळ गाडी उरलेली नाही.

समकालीन पुरावा म्हणून १८४२ ची ग्लासगोच्या वर्तमानपत्रातली बातमी देतात: डमफ्रीसशायरहून आलेल्या एका ‘सद्गृहस्थाने’ गोर्बल्स भागात आपल्या गाडीची धडक एका लहान मुलीला दिली आणि त्याला पाच शिलिंग दंड झाला. बातमीत नाव नाही. गाडी हाताने क्रँक फिरवून चालते असं तीत म्हटलंय, आणि त्या काळात लोहाराला कुणी सद्गृहस्थ लिहीत नसे. मॅकमिलन हुशार कारागीर असेलही, पण या पुराव्यावर शोधाचं श्रेय देता येत नाही.

मग पायडल कोणी लावलं: मिशो की लालमों?

पॅरिसचा लोहार प्येर मिशो आणि त्याचा मुलगा एर्नेस्ट यांचं नाव बराच काळ घेतलं गेलं. दुरुस्तीला आलेल्या ड्राइसच्या धर्तीच्या गाडीला १८६१ मध्ये त्यांनी पायडल बसवलं, ही कथा दुसऱ्या मुलाने तीस वर्षांनंतर सांगितली आणि बार-ल-द्यूक गावात १८९४ मध्ये मिशो पितापुत्रांचं स्मारकही उभं राहिलं.

दुसरीकडे प्येर लालमों हा बाबागाड्या बनवणारा तरुण कारागीर. नॉन्सी शहरात त्याने ड्राइसची गाडी पाहिली, १८६३ मध्ये पॅरिसला आल्यावर तिला पायडल लावलं आणि १८६५ मध्ये तो सुट्या भागांसह अमेरिकेला गेला. कनेटिकटमधल्या अन्सोनियाला त्याने गाडी जोडली. तिथे एका उतारावर ब्रेक नसल्याने तो घोडागाडीतल्या दोघांच्या मागून सुसाट आला आणि रस्त्याकडेच्या पाण्यात कोसळला. ते दोघे भुताला पाहिल्यासारखे पळाले, अशी आठवण सांगितली जाते. २० नोव्हेंबर १८६६ रोजी जेम्स कॅरल या भागीदाराबरोबर त्याला अमेरिकन पेटंट मिळालं. पायडलच्या दोन चाकी सायकलीचं हे पहिलं पेटंट.

कागदावर पक्का पुरावा लालमोंच्या बाजूने आहे, आणि इतिहासकार डेव्हिड हर्लिही यांनी तो नेटाने मांडला. पैसा मात्र इतरांनी केला. लालमों १८९१ मध्ये बॉस्टनमध्ये गरिबीत वारला. आता त्या शहरात त्याच्या नावाचा सायकलमार्ग आहे. मिशोला धंद्यात आणणारे खरे भांडवलदार म्हणजे ओलिव्हिए बंधू. १८६५ मध्येच ते या गाड्यांवरून पॅरिसहून दक्षिण फ्रान्सपर्यंत गेले होते. त्यांच्यामुळेच १८६८ मध्ये कारखाना उभा राहिला.

ती गाडी चालवताना कशी वाटायची?

इंग्लंडमध्ये तिला हाडं खिळखिळी करणारी म्हणत. वजन तीस किलोच्या आसपास, चाकं लाकडी आणि त्यांवर लोखंडी धाव, खाली दगडी फरसबंदी. सीट लांबलचक पट्टीच्या स्प्रिंगवर बसवलेली असे, एवढाच काय तो आराम.

पायडल मात्र विचार करून केलेलं होतं. ते गोल रिळासारखं असून खालच्या बाजूला वजन असे, म्हणजे सपाट बाजू नेहमी वर राहायची आणि पाय न बघता ठेवता यायचा. ब्रेक लावायला हँडलची मूठच फिरवायची. तिच्यावर दोरी गुंडाळली जाऊन मागच्या चाकावर लोखंडी चमचा दाबला जायचा. पायडल न फिरवता चाक फिरू देणारं फ्री व्हील नव्हतं, त्यामुळे उतारावर पायडल स्वतःच गरगर फिरू लागे. मग पाय काढून पुढच्या आधारावर ठेवायचे आणि ब्रेकवर विसंबायचं.

७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआं अशी १२३ किलोमीटरची शर्यत झाली. जेम्स मूरने ती १० तास ४० मिनिटांत जिंकली. त्याच्या सायकलीत ज्यूल स्युरिरे याचे छऱ्यांचे बेअरिंग होते, त्याच वर्षी पेटंट झालेले. ‘मिस अमेरिका’ या नावाने उतरलेल्या एका स्त्रीनेही ही शर्यत पूर्ण केली. खाचखळग्यांच्या रस्त्यावर, त्या वजनाच्या गाडीवर, त्या काळच्या कपड्यांत! या बाईबद्दल मला नितांत आदर वाटतो.

पुढचं चाक एवढं मोठं कशासाठी केलं?

वेगासाठी. लहान मुलांच्या तीनचाकीत पायडल थेट पुढच्या चाकाला असतं आणि पाय कितीही मारले तरी ती फार पळत नाही. इथेही तेच. पायडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. चाक ९० सेंटिमीटरचं असेल तर एका फेऱ्यात २.८ मीटर जाता येतं, आणि दीड मीटरचं असेल तर ४.७ मीटर. आपली साधी काळी सायकल चेनमुळे साधारण पाच मीटर जाते. म्हणून स्वाराचा पाय पुरेल तेवढं मोठं चाक घ्यायचं, असा हिशेब झाला आणि सायकल कपड्यासारखी मापाने घ्यावी लागू लागली.

लाकडाचं एवढं चाक फार जड झालं असतं. लाकडी चाकात भार खालच्या आऱ्यांवर उभा राहतो. तारेच्या चाकात प्रत्येक तार आधीच ताणून बसवलेली असते आणि सगळ्या मिळून रिम धरून ठेवतात. पॅरिसच्या उजेन मेयेने १८६९ मध्ये असं चाक केलं. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धाने फ्रान्समधला धंदा बसला आणि सूत्रं इंग्लंडकडे गेली. कोव्हेंट्रीत शिलाई मशीन बनवणारा एक कारखाना १८६९ पासून सायकलीही करू लागला होता. तिथला जेम्स स्टार्ली याने १८७० मध्ये विल्यम हिलमनबरोबर ‘एरियल’ ही मोठ्या पुढच्या चाकाची सायकल काढली. पुढे १८७४ मध्ये त्याने तारा तुंब्यातून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातून, सरळ बाहेर न काढता तिरक्या, एकमेकींना छेदून बसवल्या. पायडलचा जोर तुंब्यातून रिमपर्यंत नीट पोहोचतो तो यामुळे. आज कुठल्याही सायकलीच्या मागच्या चाकाकडे पाहा, तारा तशाच तिरक्या दिसतील.

त्या उंच सायकलीवर चढायचे कसे?

मागच्या लहान चाकाच्या वर, डाव्या बाजूला एक छोटी पायरी असे. हँडल धरून डावा पाय पायरीवर ठेवायचा, उजव्या पायाने ढकलत वेग घ्यायचा, मग अंग उचलून सीटवर जायचं आणि फिरतं पायडल पायाने पकडायचं. उतरताना हेच उलट.

खरा धोका वेगळा होता. स्वार जवळजवळ आसाच्या वर बसलेला असल्याने चाक दगडाला अडलं की तो डोक्यावरच आपटायचा, आणि पाय हँडलखाली अडकलेले असल्याने हात टेकायलाही वेळ मिळत नसे. म्हणून जाणते स्वार उतारावर दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकत, म्हणजे पडलोच तर पायांवर पडू.

मग स्त्रिया आणि वयस्क लोक काय चालवत?

तीन चाकी. १८७७ च्या स्टार्लीच्या ‘साल्व्हो’त दोन मोठी चाकं वळणावर वेगवेगळ्या वेगाने फिरावीत म्हणून डिफरेन्शियल होतं. मोटारींत आजही तेच तत्त्व वापरतात. व्हिक्टोरिया राणीने १८८१ मध्ये अशा दोन गाड्या मागवल्या आणि तीन चाकीला प्रतिष्ठा मिळाली.

उंच सायकल भारतात कधी आली होती का?

एक फेरी तरी नोंदलेली आहे. थॉमस स्टीव्हन्स एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळून पन्नास इंची चाकाच्या ‘कोलंबिया’वर निघाला. अफगाणिस्तानातून जाऊ न दिल्याने तो माघारी फिरून समुद्रमार्गे आला आणि १८८६ मध्ये लाहोर ते कलकत्ता हा ग्रँड ट्रंक रोड त्याने याच सायकलीवरून पार केला. डिसेंबर १८८६ मध्ये योकोहामाला त्याची पृथ्वीप्रदक्षिणा संपली.

ही सायकल गेली कशामुळे?

चेनमुळे, आणि मग हवेमुळे. पायडल चाकापासून सोडवून चेनने मागच्या चाकाला जोडलं की चाक लहान असूनही वेग मिळतो. हॅरी लॉसनने १८७९ मध्ये ते केलं, पण जेम्स स्टार्लीचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याच्या १८८५ च्या ‘रोव्हर’ने ते लोकांना पटवलं. जवळपास सारखी चाकं आणि पाय जमिनीला पोहोचेल अशी सीट. लहान चाक खड्ड्यात जास्त हादरतं, एवढी एकच तक्रार उरली होती. ती जॉन डनलॉपने बेलफास्टमध्ये १८८८ साली हवेच्या टायरने मिटवली. १८ मे १८८९ रोजी तिथल्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर विली ह्यूम हवेचे टायर लावलेली सायकल घेऊन उतरला आणि भाग घेतलेल्या चारही शर्यती जिंकला.